दोन शास्त्रज्ञांचा जीव घेणारा फ्लोरिन, शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाने पकडला

टूथपेस्ट कामथडीच्या किराणा दुकानातून घ्या नाहीतर पुण्याच्या मॉलमधून, खोक्यावर फ्लोराइड हा शब्द बहुतेक वेळा सापडतोच. फ्लोराइड म्हणजे फ्लोरिनचा क्षार. क्षारात अडकलेला असतो तोवर फ्लोरिन गुमान असतो. त्याला मोकळा करायला गेलेल्यांचे मात्र हाल झाले. आयर्लंडचे नॉक्स बंधू जबर आजारी पडले. बेल्जियमचे लुये आणि फ्रान्सचे निक्लेस तर जिवानिशी गेले.

शेवटी तो सोडवला आंरी म्वासां यांनी. जन्म १८५२, पॅरिस. वडील रेल्वेत कारकून, आई शिवणकाम करायची. पुढच्या शिक्षणाला लागणारं प्रमाणपत्र न मिळताच शाळा सुटली. मग घड्याळजीकडे, नंतर औषधाच्या दुकानात उमेदवारी, आणि तिथून रसायनशास्त्र.

अडचण अशी होती की हायड्रोजन फ्लोराइडमध्ये पाणी असलं तर वीज सोडल्यावर फ्लोरिन मिळत नाही, आणि ते पूर्ण कोरडं केलं तर त्यातून वीजच जात नाही. म्वासांनी त्यात पोटॅशियमचा फ्लोराइड क्षार विरघळवला. प्लॅटिनमची इंग्रजी यू आकाराची नळी घेतली, ती शून्याखाली बरीच थंड केली आणि वीज सोडली. २६ जून १८८६ ला एका टोकाला आलेल्या वायूवर सिलिकॉन धरलं, तर ते पेटलं! (हे घरी करून बघायचं नाही. हायड्रोजन फ्लोराइड कातडीतून थेट हाडापर्यंत जातं.)

खात्री करायला फ्रेंच अकादमीने तीन बडे शास्त्रज्ञ पाठवले. त्यांच्यासमोर काहीच घडलं नाही. विचार करा, काय अवस्था झाली असेल. कारण नंतर कळलं. पाहुण्यांसाठी म्हणून हायड्रोजन फ्लोराइड इतकं शुद्ध केलं होतं की त्यात क्षारच उरला नव्हता. क्षार टाकला आणि वायू आला.

हा वायू महागडं प्लॅटिनमही खायचा. पुढे म्वासांनी तांब्याचं भांडं वापरलं. तांब्यावर फ्लोराइडचा पातळ थर बसतो आणि तोच आतल्या धातूला वाचवतो.

१९०६ चं नोबेल त्यांना मिळालं. शर्यतीत आवर्तसारणीवाले मेंडेलीव्हही होते. ते २ फेब्रुवारी १९०७ ला गेले. स्टॉकहोमहून परतलेले म्वासां अपेंडिक्सच्या दुखण्याने २० फेब्रुवारीला गेले, वयाच्या ५४ व्या वर्षी.