तेहतिसाव्या वर्षी पहिला धडा

समजा, उद्या तुमच्या वर्गात एक नवा विद्यार्थी आला. वय तेहतीस. जरा लंगडतोय. काही वर्षांपूर्वी कमरेला तलवार लावून हिंडणारा हा गडी आता शाळकरी पोरांच्या शेजारी बसून व्याकरणाचा पहिला धडा गिरवतोय. तुम्ही हसाल ना? १५२४ साली स्पेनमधल्या बार्सिलोनात हे खरंच घडलं. त्या विद्यार्थ्याचं नाव इग्नेशियस लोयोला. पुढे जगभर शाळा-कॉलेजं काढणाऱ्या जेझुइट संघाचा हा संस्थापक. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज याच संघाचं.

आता थोडं मागे जाऊ. बास्क प्रांतातल्या एका सरदार घराण्यात १४९१ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. मूळ नाव इनिगो. पोरगा नखरेल होता, भांडखोरही होता, आणि शौर्याच्या कादंबऱ्यांचं त्याला वेड होतं. आजच्या अर्थाने तो कमिशन घेतलेला ऑफिसर नव्हता, पण नवाराच्या व्हाइसरॉयच्या पदरी राहून लढणारा उमराव होता. २० मे १५२१ रोजी फ्रेंच फौजेने पाम्प्लोनाच्या किल्ल्याला तोफा लावल्या. किल्ला टिकणार नाही हे बाकीच्यांना कळून चुकलं होतं. शरण जायचं नाही, असा हट्ट यानेच धरला. मग तोफेचा गोळा आला, उजवा पाय मोडला आणि डावाही जखमी झाला.

हाड चुकीचं बसलं, म्हणून पाय पुन्हा मोडून पुन्हा बसवला. तरीही गुडघ्याखाली हाडाचं एक टोक वर राहिलं. घट्ट बूट घालता येणार नाहीत म्हणून त्याने ते टोक करवतीने कापून घेतलं. भूल नाही, काही नाही. फक्त बुटांसाठी! अंथरुणावर पडल्यापडल्या त्याने कादंबऱ्या मागितल्या. घरात होती ती ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र सांगणारी पुस्तकं. नाइलाजाने ती वाचली आणि माणूस बदलला. १५२२ मध्ये मोन्सेरातच्या मठात त्याने तलवार ठेवून दिली आणि भारी कपडे एका भिकाऱ्याला देऊन टाकले.

चरित्रं बहुतेक वेळा इथे थांबतात, कारण सिनेमासारखा सीन इथेच आहे. खरी कसोटी मात्र इथून पुढे लागली. त्याला लोकांच्या आत्म्याची सेवा करायची होती. पण त्यासाठी शिक्षण लागतं, आणि शिक्षणाची भाषा लॅटिन. म्हणून बार्सिलोनातला तो बाक. शिक्षक फुकट शिकवायला तयार झाले. लॅटिनमधलं 'प्रेम करणे' हे क्रियापद चालवायला बसला की याचं मन थेट देवाच्या प्रेमात रमायचं आणि पाठांतर राहून जायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री भलतेच उदात्त विचार सुचतात ना, तसंच काहीसं. पण त्याने स्वतःची चोरी ओळखली. शिक्षकांकडे जाऊन कबुली दिली आणि दोन वर्षं एकही तास चुकवणार नाही, असा शब्द दिला.

नंतर अल्काला विद्यापीठात त्याने घाई केली. तर्कशास्त्र, पदार्थविज्ञान, धर्मशास्त्र, सगळं एकदम घेतलं आणि हाती फारसं काही लागलं नाही. त्यातच तो लोकांना धर्माबद्दल उपदेश करू लागला. पदवी नसलेला माणूस शिकवतो म्हणजे काय? चौकशी झाली, ४२ दिवस कैद झाली, आणि हुकूम मिळाला: आधी चार वर्षं शिका, मग बोला. पुढे सालामान्कात पुन्हा तेच. तिथे २२ दिवस. त्याच्या शिकवणीत चूक सापडली नव्हती, अडत होतं ते शिक्षणावर. तुम्हाला हा अन्याय वाटेल, मलाही आधी तसंच वाटलं. पण तो चिडून निघून गेला नाही. १५२८ मध्ये तो पॅरिसला पोचला आणि लॅटिन कच्चं आहे म्हणून पुन्हा लहान मुलांच्या वर्गात बसला.

पॅरिसमध्ये पैशांचे हाल झाले. सांभाळायला दिलेली रक्कम ओळखीच्या माणसाने उडवली. मग धर्मशाळेत मुक्काम, आणि दर सुट्टीत फ्लँडर्सला जाऊन स्पॅनिश व्यापाऱ्यांकडे हात पसरायचा. एकदा तर त्यासाठी तो लंडनपर्यंत गेला. १५२९ मध्ये सेंट बार्ब कॉलेजात त्याला दोन रूममेट मिळाले, दोघेही त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. पिएर फाव्र त्याला अ‍ॅरिस्टॉटल समजावून द्यायचा. दुसरा फ्रान्सिस झेवियर. त्याला या लंगड्या सीनियरचं सुरुवातीला फारसं कौतुक नव्हतं. तोच १५४२ मध्ये गोव्यात उतरला.

१५३७ मध्ये व्हेनिसला इग्नेशियसला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. बार्सिलोनातल्या बाकापासून मोजलं तर १३ वर्षं लागली. त्यानंतरही पहिली मिस्सा त्याने लगेच केली नाही, तयारीसाठी दीड वर्ष थांबून १५३८ च्या नाताळात रोममध्ये केली.

१५४० मध्ये पोपने संघाला मान्यता दिली. या माणसाने नियम लिहिताना प्रशिक्षण कमी केलं असेल, असं वाटतं ना? उलट वाढवलं. दोन वर्षांची उमेदवारी. त्यात महिनाभर इस्पितळात रुग्णांची हलकीसलकी कामं आणि महिनाभर खिशात पैसा न ठेवता भीक मागत यात्रा. मग वर्षानुवर्षं अभ्यास. आणि अभ्यास संपल्यावर डोक्यात हवा जाऊ नये म्हणून आणखी एक वर्ष पुन्हा उमेदवारी. सैनिकाच्या कवायतीची सवय त्यात दिसते खरी, पण मला त्यात तो बार्सिलोनातला वर्ग जास्त दिसतो.

पुढची वर्षं तो रोममध्येच टेबलाशी बसून पत्रं लिहीत राहिला. ३१ जुलै १५५६ ला वारला तेव्हा संघात हजारेक माणसं होती. १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेसिनात त्यांचं मोठं कॉलेज सुरू झालं होतं. त्याच्या नियमानुसार संघाच्या कॉलेजांत विद्यार्थ्यांकडून फी घ्यायची नव्हती. शिकण्यासाठी लंडनपर्यंत भीक मागत गेलेल्या माणसाने हा नियम करावा, हा मला तरी योगायोग वाटत नाही.