नूरची वही

नूर इनायत खानचा जन्म १ जानेवारी १९१४चा, मॉस्कोतला. वडील मूळचे बडोद्याचे, गायक आणि सूफी उपदेशक, आई अमेरिकन. घराण्याचे नाते टिपू सुलतानाशी. पॅरिसजवळ वाढलेल्या नूरने बालमानसशास्त्राचा अभ्यास केला, जातककथा मुलांसाठी इंग्रजीत आणल्या आणि युद्ध पेटल्यावर रेड क्रॉसकडे परिचारिकेचे शिक्षण घेतले. फ्रान्स पडल्यावर ती इंग्लंडला गेली आणि हवाई दलाच्या महिला विभागात बिनतारी संदेश पाठवायला शिकली.

जून १९४३ मध्ये 'एसओई' या ब्रिटिश गुप्त संघटनेने तिला फ्रान्समध्ये उतरवले. कागदोपत्री ती मुले सांभाळणारी नर्स होती.

या संघटनेचे हेर संदेशातली अक्षरे बदलत नसत, त्यांच्या जागा बदलत. समजा, किल्लीचा शब्द 'समई' आणि निरोप 'रात्री पूल पाडा'. समईच्या तीन अक्षरांखाली निरोप तीन-तीन अक्षरांच्या ओळींत लिहायचा : रा, त्री, पू, खाली ल, पा, डा. मग वर्णमालेच्या क्रमाने आधी 'ई'खालचा उभा रकाना, नंतर 'म', शेवटी 'स' वाचायचा. हाती येते 'पूडात्रीपाराल'. हेच दुसऱ्या किल्लीने पुन्हा केले की गुंता फारच वाढतो. किल्ली पाठ केलेल्या कवितेतल्या शब्दांची असे. कागद जवळ लागत नसे. पण छळ करून कविता वदवून घेता येई, आणि थकलेल्या माणसाकडून एक अक्षर जरी गळले तरी लंडनमध्ये सारा संदेश निरर्थक ठरे.

नूर पोहोचल्यावर काही दिवसांतच तिचे सहकारी पकडले गेले. परत ये, असे सांगितले गेले, ती राहिली. जागा बदलत, जड यंत्र पेटीतून वाहत तिने साडेतीन महिने संदेश पाठवले.

ऑक्टोबरमध्ये फितुरीने ती सापडली. चौकशीत तिने तोंड उघडले नाही. मात्र पाठवलेल्या संदेशांच्या नकला तिने वहीत जपल्या होत्या. वरून आलेल्या सूचनेचा अर्थ तिने चुकीचा घेतला, असे मानले जाते. सूचना संदिग्ध असेल, तर दोष तिच्या एकटीचा कसा? ती वही जर्मनांच्या हाती लागली. त्यांनी तिच्या नावाने लंडनशी संदेशांची देवघेव चालू ठेवली आणि नव्याने उतरणारे काही हेर थेट त्यांच्या तावडीत गेले.

पळून जाण्याचे तिचे दोन प्रयत्न फसले. मग जर्मनीत फोर्झहाइमच्या तुरुंगात साखळदंडात एकांतवास. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊ छळछावणीत तिला गोळी घातली. वय तीस. १९४९ मध्ये ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला.