बाळूंवर बोली कोण लावणार?

तुम्ही लिलाव बघितलाय ना? आयपीएलचा नाही म्हणत मी. आपल्याकडचा, गावातल्या टेनिस बॉल लीगचा. मंगल कार्यालयात सात-आठ टेबलं, प्रत्येक टेबलावर एक संघमालक, स्टेजवर एलईडी स्क्रीन, माइकवर ओरडणारा अँकर आणि कोपऱ्यात ट्रायपॉडवर लावलेलं यूट्यूब लाइव्ह.

उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातला असाच एक लिलाव मी शेवटपर्यंत बसून बघितला. पहिला दीड तास नुसते फटकेबाज. का, तर लाइव्हचे व्ह्यूज वाढले पाहिजेत. मालकांचे पॉइंट्स तिथंच उडाले. गोलंदाजांची यादी उघडली तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि निम्म्या टेबलांवर जेमतेम बेस प्राइसपुरते पॉइंट्स उरले होते. एक डावखुरा फिरकी गोलंदाज, ज्याला आमच्याकडं कुणी सहजासहजी मारू शकत नाही, तो अनसोल्ड गेला. त्याच्या बोलिंगमध्ये काही बिघाड नव्हता. त्याचं नाव फक्त उशिरा आलं.

मग प्रश्न पडतोच. बघणाऱ्यांसाठी खेळाडू निवडायची पद्धत बदलावी का? प्रेक्षक आहे म्हणून लीग आहे, हे तर खरंच. पण म्हणून निवड कशी चालावी हेही त्यानंच ठरवायचं? याचं उत्तर शोधताना मला दुसरा एक डावखुरा फिरकीपटू सापडला. त्याच्या काळात टीव्ही नव्हता, लिलाव नव्हता, पण प्रेक्षक होते आणि निवड समितीही होती. त्यांचं नाव बाळू पालवणकर. तुम्ही ऐकलं नसेल तर लाजू नका, मीही कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत ऐकलं नव्हतं.

रोलर ओढणारा पोरगा

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. घर चर्मकार समाजातलं, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. वडिलांची नोकरी लष्कराशी संबंधित, त्यामुळं बाळू आणि त्यांचे भाऊ पुण्यात लष्करी वातावरणात वाढले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर ही पोरं क्रिकेट शिकली.

पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात. काम काय? मैदान झाडायचं आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथं ४ रुपये. नेट लावणं, खेळपट्टी आखणं, हे सगळं त्यांच्याकडंच. तिथल्या एका साहेबानं त्यांच्या हातात चेंडू दिला आणि बाळू नेटमध्ये बोलिंग करायला लागले.

क्लबचा स्टार फलंदाज होता जे. जी. ग्रेग. तो रोज लवकर यायचा आणि तासन्‌तास बाळूंची बोलिंग खेळायचा. आपल्याला बाद केलं की तो बाळूंना आठ आणे द्यायचा, असं सांगतात. ग्रेगची बॅटिंग सुधारली आणि बाळूंची बोलिंग धारदार झाली. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. या सगळ्या वर्षांत बाळूंना नेटमध्ये बॅट मिळाली नाही. बोलिंग नोकरानं करायची, बॅटिंग साहेबानं.

आता विचार करा, त्या नेटसमोर किती प्रेक्षक असतील? शून्य. बाळू जे काही झाले ते कुणीही बघत नसताना झाले.

संघात आत, चहाला बाहेर

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबला गोऱ्यांना हरवायचं होतं आणि शहरातला सगळ्यात चांगला गोलंदाज पूना क्लबच्या मैदानावर रोलर ओढत होता. घ्यायचा की नाही, यावरून क्लबात वाद झाला. काही जण बाजूनं होते, काही ठाम विरोधात. ग्रेगनंही जाहीरपणे मत दिलं की याला बाहेर ठेवणं हा हिंदूंचाच मूर्खपणा ठरेल. शेवटी बाळूंना घेतलं.

पण कसं? मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावायचे. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. सातारच्या गोऱ्यांच्या जिमखान्याला बाळूंनी गुंडाळलं, तेव्हा मात्र त्यांचा जाहीर सत्कार झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचं कौतुक केलं. म्हणजे विकेट घेतली की आपला, चहाला परका. हा हिशोब तुम्हाला ओळखीचा वाटतोय का?

१८९६ मध्ये पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. तिथं हिंदू जिमखान्यानं त्यांना संघात घेतलं, यावेळीही कुरबुरी झाल्याच. १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा मोठा सामना झाला. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. राज्य करणाऱ्यांना १०९ धावांनी हरवलं होतं. बाळू आणि धाकटे भाऊ शिवराम दोघंही त्या संघात होते आणि आता सहकाऱ्यांच्या पंगतीला बसून जेवत होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी पत्रानं त्या विजयाइतकंच या एकत्र जेवणालाही महत्त्व दिलं.

कोट्याचा संघ आणि ११४ विकेट

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तो कसा निवडला माहितीये? धर्मानुसार वाटणी करून. ६ पारशी, ५ हिंदू, ३ मुस्लिम आणि कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. संघानं बहुतेक सामने गमावले. बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ विकेट घेतल्या, सरासरी १८.८४. वय ३५, खांदा दुखत होता, तरी.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचं मानपत्र लिहिणारा एक तरुण होता, भीमराव आंबेडकर. बाळू तेव्हा त्यांचे हीरो होते.

पण हिंदू संघाचं कर्णधारपद? नाही. वर्षामागून वर्ष गेली, कर्णधार बदलत राहिले आणि सगळ्यात अनुभवी, सगळ्यात मोठा खेळाडू खाली मान घालून बोलिंग टाकत राहिला. त्या काळात चौरंगी स्पर्धा बघायला मुंबईत हजारो लोक जमायचे, बाकीचे दुसऱ्या दिवशी पेपर वाचायचे. कर्णधारपदाचा प्रश्न पेपरमध्ये आला, पत्रं छापून आली. निवड मात्र बंद खोलीत व्हायची आणि कारण कुणी सांगायचं नाही.

१९२० मध्ये भडका उडाला. बाळूंना संघातूनच वगळलं. कर्णधार एम. डी. पै आजारी पडले तर त्यांच्या जागी दि. ब. देवधर आले. बाळूंचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल दोघांनीही निषेध म्हणून माघार घेतली आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली. आता समितीला उत्तर देणं भाग पडलं. पुढच्या सामन्यात तिघंही परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि बरे होऊन आलेले पै खेळाच्या मध्ये मैदानाबाहेर गेले, जेणेकरून बाळूंना नेतृत्व करता यावं. चोरून दिल्यासारखा का होईना, मान मिळाला. तेव्हा बाळू चव्वेचाळीस वर्षांचे होते.

१९२३ मध्ये हिंदू संघाचा कर्णधार अखेर एक पालवणकर झाला, पण बाळू नाही, विठ्ठल. गांधीजींच्या अस्पृश्यताविरोधी चळवळीनं लोकांचं मत बदललं होतं आणि ते मत आता जिमखान्याच्या दारावर थाप मारत होतं. अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवलं आणि गर्दीनं विठ्ठलना खांद्यावर घेतलं. विठ्ठल यांनी पुढं 'माझे क्रीडा-जीवन' नावाचं आत्मचरित्र मराठीत लिहिलं.

बाळू पुढं राजकारणात गेले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ मध्ये काँग्रेसनं त्यांना मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. १९५५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

मग प्रेक्षकाचं काय?

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, बघा, लोकांच्या दबावामुळंच न्याय झाला ना! मग प्रेक्षकांना ठरवू द्या की सगळं.

थांबा. त्याच प्रेक्षकाची दुसरी बाजू बघा. धर्मानुसार संघ पाडलेली ही स्पर्धा पुढं पंचरंगी झाली आणि तिला तुफान गर्दी व्हायची. १९४० मध्ये गांधीजींनी अशा जातीय स्पर्धा बंद करा असं सांगितलं, तरी ती पुढं अनेक वर्षं चालली, कारण स्टेडियम भरत होतं. १९४६ मध्ये ती थांबली. तिकीटबारीनं ठरवलं असतं तर ती कदाचित थांबलीच नसती.

आजचंही तसंच आहे. २० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला, त्यात सचिन, गांगुली, द्रविड, सेहवाग आणि युवराज यांच्यावर बोली लागलीच नाही. आपल्या शहरातल्या लोकांना आपला हीरो दिसला पाहिजे म्हणून ते 'आयकॉन' ठरवून आपापल्या संघाला दिले गेले. अमेरिकेत फुटबॉलच्या एनएफएलमध्ये लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. मागच्या वर्षीचा सगळ्यात कमजोर संघ पहिला खेळाडू निवडतो. तो ड्राफ्ट १९८० मध्ये टीव्हीवर आला आणि २०१० पासून त्याची पहिली फेरी गुरुवारी रात्री, प्राइम टाइमला घेतात.

वेळ बदलली तर फार बिघडत नाही. लोकांना सोयीचं पडत असेल तर रात्री घ्या. खरा बिघाड क्रम बदलला की होतो. नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावासाठी १,५७४ जणांनी नाव नोंदवलं होतं, विकले गेले १८२. मोठी नावं आधी, बाकीचे नंतर. पैसे मर्यादित असले की आधी कुणाचं नाव पुकारायचं यावरच कुणाला किती मिळणार हे बरंचसं ठरतं. आमच्या तालुक्यात तेच झालं, फक्त रकमेतली शून्यं कमी होती.

म्हणून मला वाटतं, प्रेक्षकाला एक हक्क नक्की हवा, बघण्याचा आणि विचारण्याचा. दार उघडं असलं की अन्याय झाकता येत नाही. १९२० मध्ये समितीला उत्तर द्यावं लागलं, कारण प्रश्न चार भिंतींच्या बाहेर आला होता. पण हातोडा प्रेक्षकाच्या हातात नको. कारण प्रेक्षक फक्त समोर आलेलंच बघतो. बाळूंचा रोलर, बाळूंचं नेट त्यानं कधी बघितलंच नाही. ती गुणवत्ता ओळखली रोज समोर बॅट घेऊन उभ्या राहिलेल्या माणसानं. आणि लोकमत बाळूंच्या बाजूनं उभं राहिलं खरं, पण तोवर कर्णधारपद भावाच्या वाट्याला गेलं होतं. लोकांचा न्याय येतो, पण कधी कधी एक करिअर संपल्यावर येतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातून श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातला अजिंक्य रहाणे भारताकडून खेळले. कुठंतरी कुणीतरी त्यांना खेळताना बघितलं आणि नाव पुढं केलं. व्ह्यूज बघून नाही.

तर आता तुमचं काम. दिवाळीनंतर पुन्हा लीगचे बॅनर लागतील. आयोजक तुमचेच मित्र असतील, कदाचित तुम्हीच असाल. लाइव्ह करा, स्क्रीन लावा, मजा करा. फक्त दोन गोष्टी करा. खेळाडूंचा क्रम चिठ्ठ्या टाकून, कॅमेऱ्यासमोर काढा. आणि लिलावाच्या आधी एक दिवस सगळ्यांची खुली ट्रायल घ्या, मालकांना नेटमागं उभं करा. आमच्या त्या डावखुऱ्या पोराला तेवढंही पुरेल. त्याला टाळ्या नकोत, त्याची चिठ्ठी साडेबाराच्या आधी निघायला हवी.