विश्लेषण : मका शेतातून शीतपेयाच्या बाटलीत कसा पोहोचला? हेन्री वॉलेस यांच्याशी त्याचा संबंध काय?

अमेरिकेत पिकणाऱ्या मक्यापैकी फारच थोडा कणीस म्हणून खाल्ला जातो. बहुतांश मका पशुखाद्य आणि इथेनॉलकडे जातो. उरलेल्यातून स्टार्च, तेल, गोड सिरप असा खाद्यउद्योगाचा कच्चा माल तयार होतो. या सुबत्तेचा पाया घालणाऱ्यांत हेन्री वॉलेस (1888-1965) यांचे नाव अग्रभागी आहे.

कोण होते वॉलेस?

आयोवा राज्यात शेती आणि पत्रकारिता करणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी त्यांना लहानपणी वनस्पतींची गोडी लावली. त्या काळी मक्याच्या कणसांच्या स्पर्धा भरत. देखणे कणीस तेच उत्तम बियाणे, असा समज होता. किशोरवयीन वॉलेस यांनी अशी कणसे पेरून पाहिली, तेव्हा देखणेपणाचा उत्पादनाशी संबंध नसल्याचे दिसले.

संकरित बियाण्याने काय बदलले?

1926 मध्ये वॉलेस यांनी संकरित मक्याचे बियाणे विकणारी कंपनी काढली. तीच पुढची ‘पायोनियर’. तोवर अमेरिकेत मक्याचे सरासरी उत्पादन एकरी सहा-साडेसहा क्विंटलांच्या आसपास अडकले होते. आज ते 40 क्विंटलांहून अधिक आहे. त्यात खते आणि यंत्रांचाही वाटा आहे. मात्र संकरित पिकाचे दाणे पुन्हा पेरले की जोम घटतो. त्यामुळे शेतकरी दरवर्षी बियाणे विकत घेऊ लागला.

जास्त पिकवणे संकट का ठरले?

1933 मध्ये वॉलेस कृषिमंत्री झाले, तेव्हा महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले होते. त्यांनी पेरा कमी करणाऱ्यांना मोबदला दिला. भाव सावरण्यासाठी सुमारे 60 लाख डुकरे मारण्यात आली; लोक उपाशी असताना झालेल्या या निर्णयावर टीकेची झोड उठली. सुगीच्या वर्षी धान्य साठवायचे आणि टंचाईत बाजारात आणायचे, ही त्यांची योजना 1938 च्या कायद्यात आली. पुढे 1941 ते 1945 ते उपराष्ट्राध्यक्ष होते.

मग मका बाटलीत कसा गेला?

वॉलेस यांच्या निधनानंतर, 1970 च्या दशकात धोरणाचा भर पेरा वाढवण्याकडे वळला. 1973 च्या कायद्याने बाजारभाव ठरावीक पातळीखाली गेल्यास फरक सरकारने देण्याची सोय केली. स्वस्त मक्याला उद्योगांत ग्राहक मिळाला. मक्याच्या ग्लुकोजचे अधिक गोड फ्रुक्टोजमध्ये रूपांतर करण्याचे तंत्र तयार होते आणि आयातीवरील निर्बंधांमुळे साखर महाग होती. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी शीतपेयांत साखरेची जागा मक्याच्या सिरपने घेतली.

वॉलेस यांनी उत्पादनाला वेग दिला आणि लगामही घातला. वेग टिकला, लगाम मात्र सैल झाला. त्या सुबत्तेचा मोठा लाभ शेतकऱ्यापेक्षा स्वस्त कच्चा माल घेणाऱ्या उद्योगाला झाला.