अमेठीचा दिवंगत विजेता

१९९१ च्या जूनमध्ये लोकसभेची मतमोजणी झाली, तेव्हा अमेठीच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने ज्या उमेदवाराला विजयी घोषित केले त्याच्यावर दिल्लीत यमुनाकाठी अंत्यसंस्कार होऊन तीन आठवडे उलटले होते. मताधिक्य एक लाखाहून अधिक होते. राजीव गांधी यांचा अमेठीतील हा चौथा विजय. पहिल्या तीन विजयांनंतर ते लोकसभेत बसले. चौथ्या विजयाने जागा भरली आणि त्याच क्षणी ती रिकामीही ठरली.

कायद्याच्या दृष्टीने त्यात विसंगत काही नव्हते. लोकप्रतिनिधित्व कायदा उमेदवाराच्या मृत्यूकडे घड्याळ लावून पाहतो. मतदान सुरू होण्यापूर्वी मृत्यूची खबर आली तर एक मार्ग, मतदान झाल्यावर आली तर दुसरा. अमेठीचे मतदान २० मे रोजी झाले आणि राजीव गांधी २१ मेच्या रात्री गेले. पडलेली मते वैध होती, त्यामुळे ती मोजणे भागच होते. निवडणुकीच्या कामावर निरीक्षक म्हणून परराज्यांत जाऊन आलेल्या आपल्या अधिकारी वाचकांना हे नवे नाही. सामान्य मतदाराला मात्र ते आजही चमत्कारिक वाटते.

योगायोग असा की राजीव गांधी यांचा संसदेतील प्रवेशही एका मृत्यूने रिकाम्या झालेल्या याच जागेवरून झाला होता. २० ऑगस्ट १९४४ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. डून स्कूलमध्ये ते शिकले. पुढे केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज आणि लंडनचे इम्पीरियल कॉलेज झाले, पण पदवी पदरात पडली नाही. केंब्रिजमध्ये सोनिया यांची भेट झाली, १९६८ मध्ये दिल्लीत विवाह झाला आणि इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिकाची नोकरी सुरू झाली. आई पंतप्रधान, धाकटा भाऊ राजकारणात आणि थोरला विमान चालवतो, अशी ही घराची विभागणी होती. ती तशीच राहावी अशी थोरल्याची इच्छा होती, आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही.

२३ जून १९८० रोजी अमेठीचे खासदार संजय गांधी दिल्लीत विमान अपघातात मरण पावले. वर्षभराने पोटनिवडणूक झाली. समोर शरद यादव होते. तेही लोकसभेत प्रथम आले ते सेठ गोविंददास यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जबलपूरच्या जागेवरून. राजीव गांधी दोन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. पुढची पायरी तर आणखी भीषण होती. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी इंदिरा गांधी यांची हत्या झाली आणि त्याच संध्याकाळी चाळिशीतल्या मुलाने पंतप्रधानपदाची शपथ घेतली. त्यानंतरच्या दिवसांत राजधानीत शिखांचे जे शिरकाण झाले, त्याचा डाग त्या सरकारवरून कधीच पुसला गेला नाही. डिसेंबरच्या निवडणुकीत काँग्रेसने चारशेचा आकडा ओलांडला. शोकाची लाट मतपेटीत कशी उतरते, याचा देशाला झालेला तो सर्वांत मोठा प्रत्यय.

पंतप्रधानपदाच्या पाच वर्षांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पंजाब आणि आसाम करार, शाहबानो, बोफोर्स, श्रीलंकेत पाठवलेली शांतिसेना, यांची उजळणी येथे नको. त्या मानाने दुर्लक्षित राहिली ती या माणसाने निवडणुकीच्या कायद्यात केलेली ढवळाढवळ. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीची ५२ वी घटनादुरुस्ती आली. १९८९ मध्ये ६१ व्या दुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. त्याच सुमारास लोकप्रतिनिधित्व कायद्यात बदल होऊन मतदान यंत्राला कायदेशीर आधार मिळाला, पक्षांची नोंदणी सुरू झाली आणि मतदान केंद्र बळकावणे हे निवडणूक रद्द करण्याचे कारण ठरले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत खुद्द अमेठीतील काही केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले, हा त्यातला कडवट विनोद. निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर आयोगात दोन जादा आयुक्त नेमून मुख्य आयुक्तांना वेसण घालण्याचा प्रयत्न त्यांच्याच सरकारने केला, हेही नोंदवले पाहिजे. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने तो आल्याआल्या मोडीत काढला.

आणखी एक कायदा त्यांच्याच काळातला. १९८८ च्या विशेष सुरक्षा दल कायद्याने पदावरील पंतप्रधानाला संरक्षण दिले, पण माजी पंतप्रधानाचा विचार त्यात नव्हता. १९८९ च्या अखेरीस राजीव गांधी विरोधी बाकांवर गेले आणि त्यांच्याभोवतीचे ते कडे काढून घेण्यात आले. सत्तेवर असताना सुरक्षेची जाळी त्यांना जाचत असे. सत्ता गेल्यावर लोकांत मिसळण्याची मुभा मिळाली आणि १९९१ च्या प्रचारात त्यांनी ती मनसोक्त वापरली.

ती निवडणूक अकाली आली. काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभे असलेले चंद्रशेखर सरकार, राजीव गांधी यांच्या घरावर हरियाणाच्या दोन पोलिसांनी पाळत ठेवल्याच्या वादातून मार्चमध्ये कोसळले. मतदानासाठी २०, २३ आणि २६ मे या तारखा ठरल्या. २० मे रोजी राजीव गांधी यांनी दिल्लीत मत दिले आणि ते पुन्हा प्रचाराला निघाले. दुसऱ्या दिवशी विशाखापट्टणमला विमानात बिघाड झाल्याने मद्रासला पोहोचण्यास उशीर झाला. तिथून मोटारीने श्रीपेरुंबुदूर. तिथल्या काँग्रेस उमेदवार मरगतम चंद्रशेखर यांच्यासाठी सभा होती. वाटेत थांबत, हार स्वीकारत ते रात्री दहाच्या सुमारास पोहोचले, इंदिरा गांधींच्या पुतळ्याला त्यांनी हार घातला आणि व्यासपीठाकडे चालू लागले. तमिळ वाघांच्या आत्मघातकी हल्लेखोर तरुणीने त्यांच्या पायाशी वाकून कमरेची स्फोटके उडवली.

आता त्या रात्रीचा कायदा पाहू. अमेठीचे मतदान होऊन गेले होते, तेथे काही थांबवायचे उरले नव्हते. श्रीपेरुंबुदूरचे मतदान व्हायचे होते, पण तेथील उमेदवार बचावल्या. म्हणजे उमेदवाराच्या मृत्यूसंबंधीच्या कलमाला त्या रात्री देशातील एकाही मतदारसंघात हात घालता येत नव्हता. कलम मतदारसंघाचे असते. येथे मृत्यू सबंध देशाचा होता. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी उरलेले दोन्ही टप्पे १२ आणि १५ जूनपर्यंत पुढे ढकलले. राजीव गांधी पंतप्रधान असताना त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी सांभाळणारे सचिव हेच शेषन होते. प्रचारात गुंतलेल्या एका माजी पंतप्रधानाच्या हत्येने देशाची निवडणूक थांबावी काय, यावर मतभेद होऊ शकतो. विस्कटलेली कायदा-सुव्यवस्था पाहता दोन दिवसांत मतदान घेणे अशक्यप्राय होते, असे माझे मत आहे. पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. दोनशेहून अधिक मतदारसंघांनी जिवंत राजीव गांधींच्या पक्षाबद्दल मत दिले होते. उरलेल्यांनी त्यांच्या चितेनंतर दिले. एकाच लोकसभेसाठी दोन वेगळ्या मनःस्थितींतील मतदार उभे राहिले. तमिळनाडूत १५ जूनला मतदान झाले आणि अण्णाद्रमुक व काँग्रेसच्या आघाडीने राज्यातील सर्व ३९ जागा जिंकल्या. उत्तर प्रदेशात काँग्रेसच्या हाती लागल्या त्या जेमतेम पाच, आणि त्यांतली एक दिवंगत नेत्याची. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष झाला, बहुमत मात्र हुकले. निवडणूकच न लढवलेले नरसिंह राव पंतप्रधान झाले. दोनदा रामटेकचे खासदार राहिलेले, मराठी उत्तम जाणणारे राव आणि त्या पदाच्या शर्यतीत असलेले शरद पवार, ही त्या जूनमधील चुरस दिल्लीतील जुन्या मराठी मंडळींच्या अजून स्मरणात असेल.

पंजाबात मात्र कलमाचा प्रश्न अक्षरशः जीवनमरणाचा झाला होता. तेथे २२ जूनला मतदान व्हायचे होते आणि दहशतवाद्यांनी वीसहून अधिक उमेदवारांना ठार केले होते. त्या वेळच्या कायद्यानुसार कोणताही उमेदवार, मग तो अनामत गमावणारा अपक्ष का असेना, मतदानापूर्वी मरण पावला की त्या जागेची निवडणूक रद्द होऊन प्रक्रिया नव्याने करावी लागे. म्हणजे एखाद्या मतदारसंघाचे मतदान रोखायचे असेल तर सर्वांत असुरक्षित, अनाम उमेदवार गाठून त्याला संपवणे पुरेसे होते. मृताबद्दलच्या आदरापोटी ठेवलेली तरतूद मारेकऱ्याच्या हातातले हत्यार ठरत होती. मतदानाच्या आदल्या दिवशी पंजाबची निवडणूक पुढे ढकलण्यात आली. ती फेब्रुवारी १९९२ मध्ये झाली.

कायदा बदलला तो यानंतर. १९९२ आणि १९९६ च्या दुरुस्त्यांनी आजचे स्वरूप आले. आता केवळ मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराच्या मृत्यूने मतदान थांबते, आणि तेही रद्द होत नाही, स्थगित होते. आयोग त्या पक्षाला नवा उमेदवार देण्यासाठी सात दिवसांची मुदत देतो. इतरांचे अर्ज कायम राहतात. अपक्षाच्या मृत्यूने काहीच थांबत नाही. यात अपक्षाचा जीव स्वस्त ठरवला गेला, असा आक्षेप घेता येईल. पण पंजाबचा अनुभव पाहता त्याचा जीव वाचण्याची शक्यता याच तरतुदीने वाढवली, असे म्हणावे लागते. विशेष सुरक्षा दलाचा कायदाही १९९१ मध्येच सुधारला गेला आणि माजी पंतप्रधानांना त्याच्या कक्षेत घेतले गेले. ज्याच्यामुळे तो सुधारला त्याला त्याचा उपयोग नव्हता.

नवी तरतूद कशी चालते, हे अलीकडेच दिसले. नोव्हेंबर २०२३ मध्ये राजस्थानातील करणपूरचे काँग्रेस उमेदवार गुरमीतसिंग कुन्नर यांचे मतदानापूर्वी निधन झाले. तेथे ५ जानेवारी २०२४ रोजी मतदान होऊन त्यांचा मुलगा निवडून आला, तोही नुकत्याच मंत्री झालेल्या भाजप उमेदवाराला हरवून. शोकाची लाट स्थगितीच्या काळात ओसरत नाही, उलट तिला वारस मिळतो. एप्रिल २०२४ मध्ये मुरादाबादचे भाजप उमेदवार सर्वेश सिंह मतदानानंतरच्या दिवशी वारले. स्थिती नेमकी अमेठीसारखी होती: मते मोजली जाणारच होती, आणि ते जिंकते तर पोटनिवडणूक अटळ होती. तेथे समाजवादी पक्षाचा विजय झाला आणि तो प्रश्न उरला नाही.

अमेठीत तो उरला होता. ज्या सभागृहासाठी राजीव गांधी निवडून आले, त्यात ते एकही दिवस बसले नाहीत, आणि दहा वर्षांत दुसऱ्यांदा त्या मतदारसंघावर मृत्यूमुळे पोटनिवडणुकीची वेळ आली. काँग्रेसचे नेतृत्व स्वीकारण्याची पक्षाची विनंती सोनिया गांधी यांनी मे महिन्यातच नाकारली होती. उमेदवारीसाठीही घरातले कोणी पुढे आले नाही. नोव्हेंबर १९९१ मध्ये मतदान झाले आणि सतीश शर्मा निवडून आले. राजीव गांधी यांच्या वतीने अमेठीचे काम पाहणारे शर्मा त्यांचे जुने मित्र, आणि पेशाने त्यांच्यासारखेच वैमानिक होते.