संत जोसेफ वाझ : धर्मगुरू नसलेल्या घरांचे धर्मगुरू



रविवारी चर्चची घंटा वाजते, आपण मिस्साला येतो, ख्रिस्तशरीर स्वीकारतो आणि घरी परततो. घरात कुणी आजारी असेल तर निरोप धाडला की फादर येतात. हे सारे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, हे नसते तर काय, असा विचारही मनाला शिवत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी श्रीलंकेतील हजारो कॅथोलिक कुटुंबांवर ती वेळ आली होती. जवळजवळ तीस वर्षे त्यांच्या गावांत धर्मगुरू उरला नव्हता. त्यांनी कुणाला बोलावणे धाडले नव्हते आणि कुणी येईल अशी आशाही नव्हती. तरी एक धर्मगुरू आपणहून त्यांच्या दारी गेला. तो आपल्या शेजारच्या गोव्याचा सुपुत्र होता. १६ जानेवारीला ज्यांचा सण आपण साजरा करतो त्या संत जोसेफ वाझ यांची ही जीवनकथा.

बालपण आणि गुरुदीक्षा

जोसेफ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली या आजोळच्या गावी झाला. तेथील संत जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये त्यांचा स्नानसंस्कार झाला. वडील क्रिस्तोव्हाँव वाझ हे सांकवाळचे, आई मारिया दे मिरांडा. घराणे ब्राह्मण कुळातले, प्रतिष्ठित आणि श्रद्धाळू. शाळेत पोर्तुगीज आणि लॅटिन शिकून पुढे त्यांनी जुन्या गोव्यात जेज्वीट गुरूंकडे उच्च शिक्षण घेतले. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

नवा धर्मगुरू विद्वान होता, प्रवचन उत्तम करीत होता आणि प्रायश्चित्त संस्कारासाठी लोक त्याच्याकडे रांग लावीत. मानाची जागा सहज मिळाली असती. पण गोरगरिबांसारखे जगायचे म्हणून जोसेफ यांनी पायातील वहाणा काढल्या आणि ते अनवाणी चालू लागले. सांकवाळला त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. पवित्र मरियेवर त्यांची अपार भक्ती होती. ५ ऑगस्ट १६७७ रोजी एक पत्र लिहून त्यांनी स्वतःला तिचा दास म्हणून कायमचे वाहून घेतले.

कानडा मुलखातील चार वर्षे

श्रीलंकेतील कॅथोलिकांची हलाखी त्यांच्या कानी आली होती आणि तिकडे जाण्याची त्यांना ओढ लागली होती. वरिष्ठांनी मात्र त्यांना १६८१ मध्ये कानडा प्रांतात, म्हणजे आजच्या मंगळूरच्या किनारपट्टीवर पाठवले. गोव्यातून तिकडे जाऊन वसलेली पुष्कळ कोकणी भाषिक कुटुंबे त्या भागात होती. पण तेथे अधिकार कुणाचा, पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्यांचा की रोमहून थेट नेमलेल्या महागुरूंचा, हा वाद पेटला होता आणि त्यात भाविकांची फरफट होत होती. फादर जोसेफ यांनी वाद चिघळू न देता लोकांची सेवा चालू ठेवली. चर्चेस उभी केली, मुलांना शिकवले, गुलामीत पडलेल्यांची सुटका केली. १६८४ साली ते गोव्याला परतले.

पुढल्या वर्षी ते जुन्या गोव्यातील पवित्र क्रूसाच्या चर्चपाशी एकत्र राहणाऱ्या काही स्थानिक धर्मगुरूंच्या संघात सामील झाले. त्या काळी युरोपीय धर्मसंघांची दारे स्थानिक धर्मगुरूंना बहुधा बंदच असत. फादर जोसेफ यांनी या छोट्या संघाला संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीची शिस्त लावून दिली. लवकरच ते त्याचे प्रमुख झाले. पण श्रीलंकेची हाक मनातून गेली नव्हती. १६८६ मध्ये प्रमुखपद सोडून ते निघाले.

भिकाऱ्याच्या वेषात

श्रीलंकेची किनारपट्टी तेव्हा डचांच्या ताब्यात होती. १६५६ मध्ये त्यांनी कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगिजांकडून जिंकले. कॅथोलिक धर्मगुरूंना हाकलून लावले, चर्चेस ताब्यात घेतली. धर्मगुरूला आसरा देणाऱ्याला कडक शिक्षा ठरली होती. स्नानसंस्कार आणि विवाह डचांच्या चर्चमध्येच नोंदवावे लागत. लोक नोंदीपुरते तिकडे जात आणि रात्री घरात गुपचूप रोझरी म्हणत.

अशा ठिकाणी झगा घालून जाणे शक्यच नव्हते. फादर जोसेफ यांनी मजुराचा, भिकाऱ्याचा वेष घेतला. सोबत जॉन नावाचा विश्वासू सेवक होता. १६८७ मध्ये तुतिकोरिनहून समुद्र ओलांडून ते जाफन्याला पोहोचले, पण वाटेतल्या हालांमुळे हगवणीने अंथरुणाला खिळले. अनोळखी गावात, कुणीही ओळखीचे नसताना, ते मरणाच्या दारात जाऊन परत आले.

बरे झाल्यावर त्यांच्यापुढे मोठा प्रश्न उभा राहिला. भीतीने गप्प बसलेल्या कॅथोलिकांना ओळखायचे कसे? त्यांनी गळ्यात रोझरीची माळ घातली आणि भीक मागत ते दारोदार फिरू लागले. माळ पाहून कुणाच्या डोळ्यांत ओळख उमटते, याकडे त्यांचे लक्ष असे. एखाद्या घरात माळेकडे नजर खिळली की हळूहळू बोलणे सुरू होई आणि पुरता विश्वास बसल्यावर ते आपली ओळख सांगत. तीस वर्षांनंतर धर्मगुरू आला आहे, ही वार्ता मग कानोकान पसरली.

लोकांनी त्यांना सिल्लालै या गावी नेले. तेथील कॅथोलिक श्रद्धेला घट्ट धरून होते. दिवसा लपायचे आणि रात्री मिस्सा, स्नानसंस्कार, विवाह, आजाऱ्यांच्या भेटी, असा त्यांचा क्रम होता. तीस वर्षांचे साचलेले काम एका माणसाने रात्री जागून उपसले. सुमारे दोन वर्षांनी डचांचा पाठलाग वाढला, तेव्हा ते कँडीच्या राजाच्या मुलखातील पुत्तलम येथे गेले.

कँडीचा तुरुंग

१६९२ मध्ये ते राजधानी कँडीला गेले. पण ते पोर्तुगिजांचे हेर आहेत अशी चुगली कुणीतरी राजाकडे केली होती. दोन कॅथोलिक सोबत्यांसह त्यांना कैदेत टाकण्यात आले. ज्यांच्यासाठी आलो त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच वाट बंद झाली, असे म्हणून एखादा खचला असता. फादर जोसेफ तुरुंगात सिंहली भाषा शिकत बसले. पळून जात नाही असे दिसल्यावर पहारेकऱ्यांनी थोडी मोकळीक दिली. त्यांनी तेथेच एक झोपडी उभारून वेदी मांडली. गावातील कॅथोलिक तिकडे प्रार्थनेला येऊ लागले. ज्या तुरुंगाने त्यांना अडवले, तेच त्यांचे कँडीतील पहिले चर्च झाले.

१६९६ मध्ये मोठा दुष्काळ पडला. सारे उपाय थकल्यावर राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांनाही प्रार्थना करण्यास सांगितले. त्यांनी चौकात वेदी आणि क्रूस उभारून प्रार्थना केली आणि धो धो पाऊस कोसळला, असे परंपरा सांगते. राजाने त्यांना राज्यभर फिरण्याची मोकळीक दिली. बौद्ध राजाच्या राज्यात त्यांना जो आसरा मिळाला, तो ख्रिस्ती म्हणवणाऱ्या डचांनी दिला नव्हता, हेही आपण ध्यानात ठेवायला हवे.

देवीची साथ

१६९७ मध्ये गोव्याच्या ओरेटरीतून मदतीला धर्मगुरू आले. दहा वर्षे एकट्याने ओढलेला गाडा आता चार खांद्यांवर आला. कोचीनच्या महागुरूंनी फादर जोसेफ यांना श्रीलंकेचे व्हिकर जनरल नेमल्याचे पत्रही त्यांनी आणले. पण त्याच सुमारास कँडीत देवीची साथ उसळली. लोक घरेदारे टाकून पळाले. आजाऱ्यांना त्यांच्याच माणसांनी वाऱ्यावर सोडले. नवे व्हिकर जनरल त्या टाकलेल्या माणसांच्या उशाशी बसले. त्यांना भरवले, धुतले, पुसले आणि जे गेले त्यांना मूठमाती दिली. हा कॅथोलिक, तो बौद्ध, असा भेद त्यांनी केला नाही. त्या सेवेने राजाचा विश्वास पक्का झाला.

पुढील वर्षांत त्यांनी बेटभर पायपीट केली. १७०५ मध्ये आणखी धर्मगुरू आल्यावर त्यांनी मिशनची आठ विभागांत आखणी केली. त्याच वर्षी आलेले फादर जाकोम गोन्साल्विस यांनी तमिळ आणि सिंहली भाषांत पुष्कळ ख्रिस्ती साहित्य निर्माण केले. गावोगावी प्रापंचिक पुढारी आणि धर्मशिक्षक तयार करण्यावर फादर जोसेफ यांचा भर होता. धर्मगुरू वर्षातून एकदा आला तरी मधल्या दिवसांत प्रार्थना, शिकवण आणि आजाऱ्यांची विचारपूस थांबू नये, ही त्यामागची तळमळ होती. धर्मगुरूविना श्रद्धा कुणी जपली होती, हे त्यांनी सिल्लालैला डोळ्यांनी पाहिले होते.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. गोव्याला ते पुन्हा परतले नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच शहरात त्यांना संतपद दिले. श्रीलंकेचे ते पहिले संत. गोव्याच्या महाधर्मप्रांताचेही ते आश्रयदाते संत आहेत.

आपल्यासाठी

आज आपल्याला वेष पालटावा लागत नाही, कुणी पाठलाग करीत नाही. तरीही घंटेचा आवाज न पोहोचणारी घरे आपल्या धर्मग्रामात आहेत. पायऱ्या उतरू न शकणारी आजी, कामासाठी परगावाहून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारे कुटुंब, इस्पितळात एकटा पडलेला रुग्ण, काही कारणाने दुखावून चर्चला येणे सोडलेला शेजारी. ते निरोप धाडणार नाहीत. कदाचित कुणी दार ठोठावेल याची वाट पाहणेही त्यांनी सोडून दिले असेल.

फादर एकटे सगळीकडे पोहोचू शकत नाहीत. संत जोसेफ वाझही पोहोचले नसते. त्यांना घरोघरी नेणारी माणसे त्या गावांतलीच होती. या आठवड्यात अशा एका दारापर्यंत आपण चालत जाऊ या. आणि तेथे काही बोलण्याआधी, त्यांच्या जवळ थोडा वेळ बसू या.

संत जोसेफ वाझ, आम्हासाठी विनंती करा.