दर्याचा सरखेल आणि झेंड्यामागचा मालक

अमरावती-अकोल्याहून समुद्र पाच-सहाशे किलोमीटर तरी लांब. आपण मोठं पाणी पाहतो ते अप्पर वर्धाचं, नाहीतर काटेपूर्णाचं. पण गायगावच्या डेपोतून आपल्या पंपावर येणारं पेट्रोल-डिझेल ज्या कच्च्या तेलापासून बनतं, ते बहुतेक सगळं जहाजानेच देशात येतं. हे तेल समुद्रात सांडलं तर भरपाई कोणी द्यायची? या प्रश्नावर वाचायला बसलो आणि सारखे आठवत राहिले ते कान्होजी आंग्रे. त्यांच्या काळी तेलवाहू जहाजं नव्हती. पण जहाजावर झेंडा एकाचा, आत माल दुसऱ्याचा, मग जबाब विचारायचा कोणाला, हे भांडण मात्र त्यांच्या चांगलंच परिचयाचं होतं.

कान्होजींचा जन्म १६६९ चा. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ; आंगरवाडी गावावरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचं लहानपण हर्णैच्या सुवर्णदुर्गाशी जोडलेलं आहे. सिद्दीच्या वेढ्यात किल्लेदार फितूर व्हायला निघाला तेव्हा या तरण्या पोराने किल्ला राखला, असं सांगतात. १६९८ च्या सुमारास ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख झाले. पुढे ताराराणी आणि शाहू महाराज यांच्या वादात ते आधी ताराराणींच्या बाजूला होते. १७१३ नंतर बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहूंकडे वळवलं.

कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असे किल्ले हातात असल्यामुळे कोकणकिनाऱ्याने जाणाऱ्या जहाजाला कान्होजींना टाळून जाणं कठीणच होतं. त्यांनी परवान्याची पद्धत चालवली. फी भरा, दस्तक घ्या आणि बिनधोक जा. दस्तक नसेल तर जहाज जप्त. यात नवं काही नव्हतं बरं का! पोर्तुगीज कितीतरी आधीपासून असेच परवाने विकत होते. पण तेच काम कान्होजींनी केलं तर इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं.

१७१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौकाच पकडली. त्यानंतर १७१३ मध्ये इंग्रजांशी करार झाला. पण थोड्याच वर्षांत खटके उडायला लागले. मुंबई-सुरतेचे खासगी व्यापारी आपला माल इंग्रजी झेंड्याखाली पाठवू लागले. इंग्रजांचं म्हणणं, झेंडा आमचा म्हणजे जहाज आमचं. कान्होजींचं म्हणणं, वचन कंपनीला दिलंय. तिचा झेंडा लावणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला नाही. खरा मालक कोण ते आधी सांगा!

गव्हर्नर बून यांच्या काळात हे प्रकरण तोफांवर गेलं. विजयदुर्गावर हल्ला झाला, १७१८ मध्ये खांदेरीवर झाला, आणि १७२१ च्या अखेरीस इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. सगळे हल्ले फसले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागला आहे.

आता थेट १९६७ मध्ये या. त्या मार्चमध्ये ‘टॉरी कॅन्यन’ नावाचं टँकर इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर चढलं आणि लाखभर टनांहून जास्त कच्चं तेल सांडलं. झेंडा लायबेरियाचा, मालक कंपनी बर्म्युडाची, तिच्यामागे अमेरिकन कंपनी आणि भाड्याने घेणारी ब्रिटिश. म्हणजे तोच प्रश्न, खरा मालक कोण? शेवटी त्याच मालकाचं दुसरं जहाज सिंगापूरला आलं तेव्हा ब्रिटनने ते अडकवलं आणि दाव्याला वाट मिळाली. एकेकाळी झेंड्याचा हवाला देणाऱ्यांनाच आता झेंड्यामागचा मालक शोधावा लागला.

यातूनच १९६९ चा आंतरराष्ट्रीय करार आला. टँकरमधून तेल सांडलं तर जबाबदार नोंदणीकृत मालक. त्याची चूक सिद्ध करायची गरज नाही. युद्धासारखे थोडे अपवाद सोडले तर सुटका नाही. भरपाईला मर्यादा ठेवली, पण मोठ्या टँकरला विमा सक्तीचा केला. पैसे कमी पडले तर तेल मागवणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून वेगळा निधी उभा केला. टँकर नसलेल्या जहाजांच्या इंजिनाच्या तेलासाठी मात्र २००१ चा वेगळा करार लागला, आणि तो २००८ मध्ये अमलात आला.

या फरकाचा अर्थ आपल्या किनाऱ्यालाही कळला. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कंटेनरचं जहाज होतं, झेंडा पनामाचा. त्याच्या इंधनाच्या टाक्यांतलं शेकडो टन तेल उरण-अलिबागकडे, म्हणजे कान्होजींच्याच किनाऱ्यावर गेलं. खारफुटी काळी पडली, कोळ्यांचा धंदा बसला. पुढच्याच वर्षी ‘राक कॅरियर’ हे पनामाच्याच झेंड्याचं कोळशाचं जहाज मुंबईजवळ बुडालं. राष्ट्रीय हरित लवादाने जहाजाच्या कंपनीवर १०० कोटींची भरपाई लावली. पण तो निकाल यायला २०१६ उजाडलं. कोळ्याच्या घरची चूल पाच वर्षं थांबते का?

खांदेरीच्या दीपगृहाला आज कान्होजींचं नाव आहे. त्याच्यासमोरून दूरदूरच्या देशांचे झेंडे लावलेली जहाजं रोज जातात. आपल्यापैकी कोणी उद्या त्यांची इंजिनं सांभाळेल, कोणी टाक्यांचं डिझाइन करेल. तेव्हा कान्होजींचा प्रश्न सोबत असू द्या. झेंडा कोणाचाही असो, नुकसान झालं तर भरून देणारा कोण, हे जहाज बंदरातून सुटायच्या आधीच ठरलेलं असलं पाहिजे.